कट्ट्यातली आठवी ओळ

आधीच सांगून टाकतो... भूत, चकवा, लागीर, बाहेरची बाधा, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. मी मूळ भद्रावतीचा, नोकरीला चंद्रपुरात. आमच्याकडं एप्रिलात सेहेचाळीस डिग्रीचं ऊन असतं. चपलेचा तळ डांबराला चिकटतो, कावळा उडता उडता खाली उतरून पाणी मागतो, आणि भुतं? भुतं तर होळी झाली की बाडबिस्तारा बांधून चिखलदऱ्याला निघून जातात, असं माझं ठाम मत होतं. या सदरात येणारे वाचकांचे भुताचे अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि दोघं पोट धरून हसायचो. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय...

आता माझी पाळी आली आहे, आणि माझ्या गोष्टीत साडी नाही, केस नाहीत, पाय तर नाहीतच. एक ओळ आहे. एका फाइलीतली एक ओळ. सकाळी सात सेहेचाळीसची.

आणि हो, मी जरा वाढवून सांगणारा माणूस आहे. कावळ्यावरून तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून जिथं जिथं वाढवीन, तिथं मी स्वतःच कबूल करीन. त्या ओळीबद्दल मात्र एक अक्षर वाढवलेलं नाही — शप्पथ घ्यायला सांगाल तर घेतो.

आमचं ऑफिस तुकूमला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसरा मजला. माणसं पाच, कॉम्प्युटर सहा आणि कूलर एक. हा 'एक' नीट लक्षात ठेवा, सगळं पाप तिथूनच सुरू होतं. लोखंडी, गोऱ्ह्याएवढा कूलर आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. त्या खुर्चीत बसलं की चिखलदरा. दीड हात बाजूला सरकलं की माजरीची उघडी कोळसा खाण. सात वर्षं ती खुर्ची माझी होती.

काम काय, तर आम्ही 'जंगल-नोंद' चालवायचो. मूलच्या पुढं, सिंदेवाहीच्या अलीकडं जंगलाला लागून गावं आहेत. मोहाची फुलं पडायला लागली की गावंच्या गावं टोपली घेऊन जंगलात. आणि जंगलात वाघ... यात काही वाढवलेलं नाही, आमच्याकडं वाघ आणि मोटरसायकल एकाच रस्त्यानं जातात. म्हणून गावाच्या कडेला नाका. नाक्यावरच्या माणसाकडं मोबाइल. माणूस आत गेला की त्याच्या नावापुढं 'आत' दाबायचं, परत आला की 'बाहेर'. उजाडल्यावर नाका उघडायचा, दुपारी बाराला सगळे बाहेर. बारानंतर कोणी 'आत' उरलं असेल तर शोधायला माणसं निघतात. इतकं साधं. पण त्या एका बटणावर एखाद्याचा जीव.

ही बटणं आमच्या सर्व्हरवर यायची. सर्व्हर जावास्क्रिप्टमधला... वेबसाइटवर चित्रं हलवते ती नव्हे, मागं बसून राबते ती. बटण दाबलं की दोन गोष्टी व्हायच्या. एक, डेटाबेसमध्ये नोंद. हे खरं रजिस्टर, 'आत-बाहेर'चा हिशेब यातूनच. दुसरी, लॉगमध्ये एक ओळ. लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी हो : किती वाजता, कुठून, कोण, काय. उद्या काही बिघडलं तर आम्ही डायरी वाचून चोर शोधणार.

डायरी लिहिणारा तो भाग, म्हणजे लॉगर, माझा होता. मी लिहिलेला. ओळ आली की तडक डिस्कवर लिहायची आणि लिहून होईपर्यंत बाकीच्यांनी गप उभं राहायचं. प्रामाणिक लॉगर! फक्त एक होतं — पाहुणा आला की त्याच्यासाठी विहिरीवर जाऊन एकच गिलास भरून आणायचा, मग दुसऱ्यासाठी पुन्हा विहीर, अशी त्याची पद्धत. चार पाहुण्यांना चाललं. पण त्या वर्षी गावं वाढली, आणि सकाळी सगळ्या नाक्यांवर एकदम बटणं... सर्व्हर धापा टाकायला लागला. मोबाइलवर नुसती चक्री फिरायची, बायका टोपली डोक्यावर घेऊन ताटकळायच्या आणि हिवरटोल्याच्या नाक्यावरचे गुलाबभाऊ मला फोन लावायचे, "प्रमोदभाऊ, सरवर झोपला का जी तुमचा? उठवा त्याले, उन्ह डोक्यावर येऊन राह्यलं."

गावाचं नाव बदललंय. गुलाबभाऊंचं नाही, त्यांना आवडतं छापून आलेलं.

तर अशा वेळी आमच्याकडं नसीम होती. वय सव्वीस, चंद्रपूरचीच, वडील पंख्याच्या मोटारी भरून द्यायचे. नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. दोन दिवस ती माझा लॉगर वाचत बसली. पाव तासात वाचून होईल एवढा तो, पण ती दोन दिवस वाचत होती, हेच मला लागलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "प्रमोदभाऊ, बुरा मत मानना... पण एकेक ओळ घेऊन कायले पळता तुम्ही? आमची अम्मी बिड्या वळायची. एक बिडी झाली की उठून ठेकेदाराकडे जात होती का? पंचवीस झाल्या की दोरा बांधून कट्टा. आणि मग सगळे कट्टे एकदम."

बस. एवढीच कल्पना. ओळी आधी मेमरीत जमा करायच्या. शंभर ओळी झाल्या किंवा पाच सेकंद झाले, जे आधी होईल तेव्हा एकदम फाइलीत ओतायच्या आणि शेवटी लिहायचं, 'कट्टा बांधला, ओळी इतक्या'. शिकलेले लोक याला बफर आणि बॅच म्हणतात. तिनं कोडमध्येही नाव कट्टाच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर असा पळाला की विचारू नका. नाक्यावर बोट उचलायच्या आत काम झालेलं. वासेकर सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना तर्री-पोहे मागवले. माझ्या सात वर्षांत त्यांनी मला एक बिस्कीट मागवलेलं मला आठवत नाही. आणि पोहे खाता खाता म्हणाले, "प्रमोद, तू जरा तिकडं सरक ना बाप्पा. नसीमच्या मशीनले गर्मी होऊन राह्यली."

मशीनले! माणसाला नाही, मशीनला! आणि मी उठलो. माझा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर होता, तोही घेतला. नसीम म्हणाली, "राहू द्या हो सर, मी इथंच ठीक आहे," आणि ते तिनं मनापासून म्हटलं, म्हणून मला अजून राग आला.

तुम्ही म्हणाल, एका खुर्चीसाठी? अहो, खुर्ची ही बाहेरून दिसणारी गोष्ट. आत काय जळत होतं ते कोळशालाच विचारा. गुलाबभाऊ सात वर्षं मला फोन करत होते. आता फोन करून विचारायचे, "ते पोरगी कोन आहे जी? लय डोकं आहे तिचं." मी म्हणायचो, "मीच शिकवलं तिला." त्यावर ते म्हणायचे, "मंग तुम्ही काऊन नाई केलं आधी?"

आता भोकाबद्दल सांगतो. कट्ट्याला एक भोक होतं, आणि ते तिनंच भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. ओळी पाच सेकंद मेमरीत असतात, म्हणजे सर्व्हरच्या नुसत्या डोक्यात. सर्व्हर रीतसर बंद केला तर तो मरण्याआधी उरलेल्या ओळी फाइलीत टाकून, कट्टा बांधून जातो. ती सोय तिनं केली होती. पण कुणी त्याला 'किल मायनस नाइन' दिला तर? ही कमांड म्हणजे न विचारता मुंडी मुरगाळणं. शेवटचा श्वाससुद्धा घेऊ देत नाही. डोक्यात होतं ते गेलं. "त्याले कोणीच काही करू शकत नाही," ती म्हणाली होती. "पण असं होते कधी? पाच सेकंदांच्या ओळी... एवढं चालतं."

एवढं चालतं! हे शब्द मी चॉकलेटसारखे जिभेखाली ठेवून आठवडाभर चघळले.

आणि एका मंगळवारी सकाळी सातला ऑफिस उघडलं. मी! ज्याला दहाच्या आत कुणी पाहिलेलं नाही, तो मी. सर्व्हर मेला तर आपोआप उठवणारी एक सोय असते, ती आधी बंद केली. मग स्क्रीनवर एक आकडा लावला : कट्ट्यात आत्ता किती ओळी. आणि मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसा बसलो. तीन... शून्य. दोन... चार... शून्य. पाच, सहा, सात... सात त्रेचाळीस वाजले होते. मारला. मायनस नाइन.

आकडा तिथंच थिजला. सात ओळी डोक्यात घेऊन सर्व्हर गेला.

बेत असा की एका मिनिटात पुन्हा चालू करायचा. मग डेटाबेसमध्ये सात नोंदी आणि लॉगमध्ये शून्य, हे सरांना दाखवायचं. पण मनात आलं की एक मिनिट फार कमी दिसेल. जरा मोठं संकट दिसू दे. पाणी प्यायलो. कूलर लावला आणि त्या खुर्चीत बसून पाहिलं. मोबाइल वाजला, गुलाबभाऊ. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा नाही. सात बावन्नला सर्व्हर चालू केला.

आणि तोंडाला पाणी सुटलेल्या माणसासारखा लॉग उघडला, भोक बघायला.

भोक नव्हतं.

सातही ओळी होत्या. नावं, वेळा, गावं, सगळं जिथल्या तिथं. ज्या सर्व्हरच्या डोक्यात त्या होत्या, त्याचं डोकं मी उडवलं होतं आणि ओळी फाइलीत येऊन बसल्या होत्या. आणि त्यांच्याखाली आठवी ओळ :

'७:४६ — हिवरटोला नाका — जनाबाई मडावी — आत.'

आणि तिच्याखाली, 'कट्टा बांधला, ओळी ८.'

सात त्रेचाळीस ते सात बावन्न सर्व्हर मेलेला होता. सात सेहेचाळीसला तिथं ओळ लिहायला कुणीच नव्हतं. फाइलीवर शेवटचा हात कधी लागला ते बघितलं : सात सेहेचाळीस. डेटाबेस बघितला. तेवढ्या वेळच्या सातच नोंदी. जनाबाई नावाची कुणी त्या सकाळी आतच गेलेली नव्हती.

अशा वेळी लोकांना घाम फुटतो, अंगावर काटा येतो, असं या सदरात नेहमी लिहिलेलं असतं. मला काय झालं सांगू? आनंद झाला! खुर्चीतून उठून मी टाळी वाजवली. ओळ हरवणं हा लहान दोष हो. पण न आलेली माणसं डायरीत लिहायची? कट्टा माणसं पैदा करतो! नसीमची चाळीस ओळींची हुशारी माणसं पैदा करते! माझ्या प्रामाणिक लॉगरनं सात वर्षांत एक शेळीसुद्धा वाढवून लिहिली नव्हती. (माणूस वाढवून सांगणारा, पण लॉगर नाही, हे ध्यानात घ्या.)

सरांना तेव्हाच फोन करता आला असता. नाही केला. सर मीटिंगला गेले होते, साडेबाराला येणार होते, आणि मला सगळे समोर हवे होते. नसीम नऊला आली, "अरे वा, प्रमोदभाऊ, आज लवकर?" म्हणत माझ्या टेबलावर डब्यातली दोन सुकी बोरं ठेवून गेली. मी साडेचार तास त्या ओळीचा फोटो काढून, त्यावर लाल चौकट काढून, चौकटीवर बाण काढून, बाणाला सावली देऊन तयारी करत होतो.

सर आले. मी सगळ्यांना मोठ्या स्क्रीनसमोर बोलावलं. सर्व्हर सकाळी 'आपोआप' पडला, असं सांगितलं. मग लाल चौकट.

"बघा सर. डेटाबेसमध्ये सात, लॉगमध्ये आठ. ही बाई कुठून आली? सर्व्हर बंद असताना आली! उद्या हा कट्टा वाघाची पण नोंद करेल — वाघोबा, आत, टोपलं एक!"

दोघं हसले. सर हसले नाहीत, ते नसीमकडं बघायला लागले. तेच मला हवं होतं. बघा, आता ती लाल होईल, कोड उघडेल, सफाई देईल...

नसीम स्क्रीनकडं बघत होती. कोडबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिनं विचारलं, "ही बाई बाहेर आली का?"

मी पुन्हा लाल चौकटीवर बोट ठेवलं.

"कोणती बाई?" मी म्हटलं. "बाई नाहीच ना. तोच तर —"

"प्रमोदभाऊ, बाहेर आली का ती?"

साडेचार तास ती ओळ माझ्यासमोर होती. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सरांनी फोन स्पीकरवर लावला. गुलाबभाऊ जेवत होते. "नाका बंद केला जी म्या. सगळे बाहेर. मोबाइलवर शून्य दावते... आत कोनीच नाई."

नसीम म्हणाली, "भाऊ, जनाबाई मडावी सकाळी आली होती का?"

"जनाबाई..." घास चावायचा आवाज थांबला. "हो ना. आली होती ते. मांगून आली, सगळ्यायच्या मांगून. तवा चक्री फिरून राह्यली होती मोबाइलवर. प्रमोदभाऊले फोन लावला, उचलला नाई त्यायनं. म्या म्हटलं, जाय तू बाई, मोह कायले वाया घालवतं, मी टाकतो मंग नाव... अन् मंग... अरे देवा. अरे देवा! टाकलंच नाई जी म्या!"

मग काय झालं ते मी तिथं नसल्यामुळं ऐकलेलं सांगतो. गुलाबभाऊ उष्ट्या हातानं निघाले. गावातले वीस-पंचवीस जण, जंगलखात्याची माणसं, डबे-थाळ्या वाजवत. आम्ही पाचही जण ऑफिसात फोनभोवती बसलो होतो. नसीमनं कूलर बंद केला, आवाजानं फोन ऐकू येत नाही म्हणून. त्या उन्हात, सेहेचाळीस डिग्रीत, कुणी पुन्हा चालू कर म्हटलं नाही. माझ्या शर्टाला पाणी सुटलं होतं. ते गर्मीनं नव्हतं. मी मनातल्या मनात एकच हिशेब करत होतो : सव्वाआठला सांगितलं असतं तर. नऊला सांगितलं असतं तर. बाणाला सावली दिली नसती तर.

तीनच्या सुमाराला फोन आला. सापडली. जिवंत.

नाल्याच्या पलीकडं लांबच्या मोहाखाली गेली होती. दगडावरून पाय घसरला, घोटा मोडला. आणि थोड्या वेळानं वाघ दिसला म्हणून तशा पायानं झाडावर चढली. कशी चढली ते तिलाही सांगता आलं नाही. दोन फांद्यांच्या बेचक्यात लुगडं गुंडाळून बसली होती, जीभ कोरडी पडलेली. आवाज द्यायलाही ताकद नव्हती. आणखी दोन-तीन तास त्या उन्हात... गावातला म्हातारा म्हणाला, नाई राहिली असती. वाघाच्या पायाचे ठसे झाडापासून दहा हातांवर होते. मी ही गोष्ट पानटपरीवर सांगतो तेव्हा दोन हातांवर आणतो, पण इथं खरं लिहितो. दहा.

सरांनी त्या दिवशी नसीमला काय काय म्हटलं ते विचारू नका. "तुझ्या कट्ट्यानं बाई वाचवली." पेपरवाल्यांना फोन करायला निघाले होते, तिनंच थांबवलं. माझ्या वाट्याला एवढंच आलं, "प्रमोदनं वेळेवर लक्षात आणून दिलं." वेळेवर!

दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन माझ्या टेबलाशी आली. दोन कप. आवाज खाली.

"प्रमोदभाऊ, मायनस नाइन मारला ना तुम्ही?"

आपोआप उठवायची सोय बंद करून मी ती पुन्हा चालू करायला विसरलो होतो. हुशारीत असं होतं.

"हो," म्हटलं.

"माझ्यावर राग होता?"

"खुर्चीवर," मी म्हटलं. मग म्हटलं, "तुझ्यावरच."

तिनं चहा संपवला. "फोन उचलायचा होता भाऊ," एवढंच म्हणाली. सरांना सांगितलं नाही, आजपर्यंत नाही. लिहायला लाज वाटते, पण मला त्याचाही हेवा वाटला. मी तिच्या जागी असतो तर लाल चौकट काढली असती.

मग आम्ही दोघांनी मिळून तीन दिवस शोधलं. आता खाली प्रतिक्रिया लिहिणाऱ्या हुशार वाचकांनी जरा थांबावं, तुमचे सगळे प्रश्न आमचे विचारून झालेत. मोबाइलनं ते बटण नंतर पुन्हा पाठवलं असेल? पाठवलं असतं तर वेळ सात बावन्ननंतरची पडली असती, आणि डेटाबेसमध्ये नोंद झाली असती. शिवाय आमच्या अॅपमध्ये तशी सोयच नव्हती. दुसरा सर्व्हर चालू राहिला असेल? एकच होता. कुणी हातानं लिहिलं असेल? त्या वेळी ऑफिसात मी एकटा, आणि फोन न उचलता मला ते नाव कळणार कुठून? आणि त्या सात ओळी... त्या तर मेमरीत होत्या, मी स्वतःच्या डोळ्यांनी आकडा थिजलेला पाहिला. नसीमनं शेवटी लॅपटॉप मिटला. म्हणाली, "माझ्या कोडले एवढं येत नाही."

आम्ही जनाबाईला बघायलाही गेलो. पायाला प्लॅस्टर, बाजेवर बसून भाजी निवडत होती. मी विचारलं, "बाई, नाक्यावर काय काय झालं सांगता का?"

"काय होते? गुलाब म्हणे, जाय, मशीन बिघडली. म्या म्हटलं, माहं नाव लिहिशीन बरं. झाडावर बसून तेच म्हनत होती मी, नाव लिहिलं आहे, येतीन, नाव लिहिलं आहे, येतीन..." मग माझ्याकडं बघून हसली. "तूच का बावा तो, फोन न उचलनारा?"

गुलाबभाऊंनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

ईदला नसीमच्या घरी शीरखुर्मा खायला गेलो होतो. तिची अम्मी आता बिड्या वळत नाही, नजर गेली आहे. मी सहज कट्ट्याची गोष्ट काढली. अम्मी म्हणाली, "पच्चीस गिनके बांधते थे बेटा. मगर मैं एक जादा रखती थी. ठेकेदार का आदमी एखाद तोड के देखता था, एखाद गीली निकलती थी... गिनती में कोई कम नहीं पडना चाहिए."

मी नसीमकडं बघितलं. "कोडमध्ये ठेवलंस का असं काही? एक जादा?"

"जी ओळ आलीच नाही, ते कुठून ठेवू भाऊ?" ती म्हणाली, आणि माझ्या वाटीत अजून शीरखुर्मा वाढला.

पुढच्या वर्षी ती हैदराबादला मोठ्या नोकरीवर गेली. जाताना कूलरसमोरच्या खुर्चीवर तिनं माझा टॉवेल आणून टाकला. तर आता खुर्ची माझी, गार वारा माझा, आणि कट्टा सांभाळायचं कामही माझंच. लोकांच्या चालू सर्व्हरची मुंडी मी पुन्हा मुरगाळली नाही, पण शेजारी एक रिकामा सर्व्हर ठेवलाय, चाचणीचा. त्याला दोनशे वेळा मायनस नाइन मारून बघितलं. बरं... चाळीस वेळा. प्रत्येक वेळी ओळी गेल्या. जायला हव्यात तशा गेल्या. मग माझा जुना प्रामाणिक लॉगर काढून त्यावर लावला, त्यालाही मारून बघितलं. एक अक्षर जादा आलं नाही. सात वर्षं एकेक ओळ हाताला धरून विहिरीवर नेली मी. जे कोणी त्या सकाळी येऊन गेलं, त्याला माझ्या लॉगरकडं यावंसं वाटलं नाही. आलं ते तिच्या कट्ट्यात. याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही, आणि खरं सांगू, त्याहून जास्त मला हे लागतं की ते तिलाच भेटलं.

मोहाच्या दिवसांत मी आता उजाडायच्या वेळी ऑफिसात असतो. सात सेहेचाळीस होईपर्यंत कूलर लावत नाही, आवाजानं फोन ऐकू येत नाही. मोबाइल हातातच असतो. परवा गुलाबभाऊ वैतागून म्हणाले, "घंटी तं वाजू द्या जी पुरी! म्या नंबर दाबला नाई का तुम्ही बोलता."